दोन इसमांचा तंबू

तंबूच्या पिशवीवर 'दोन माणसांसाठी' असे जे छापलेले असते, त्यातील ती दोन माणसे कोणत्या मुलखातील, त्यांचे परस्परांशी नाते काय, त्यांचे बोलणे सुरू आहे की बंद, आणि झोपेत कूस बदलण्याची त्यांना मुभा आहे किंवा कसे, याचा खुलासा आजवर कोणत्याही कारखानदाराने केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. स्वस्त तंबूंना टेप लावून पाहिली असता माणशी साठ सेंटिमीटरांच्या आसपास रुंदी वाट्याला येते, आणि एवढ्या रुंदीत जो मनुष्य सुखाने रात्र काढू शकेल तो एक तर अविवाहित व अल्पाहारी असला पाहिजे, किंवा त्याचा पूर्वजन्म आगगाडीच्या वरच्या फळीवर गेलेला असला पाहिजे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दोन माणसे म्हटली की तिसरे त्यांच्याबरोबर आलेले असते आणि चौथे वाटेत भेटते; तेव्हा अशा हिशेबाने तंबू विकत घेणे म्हणजे तंटा घरपोच मागविण्यासारखेच आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो माझ्या भाच्यामुळे. पुण्यास एका संगणक कंपनीत नोकरीला असलेल्या या तरुणाच्या मनाने असे घेतले की, बुलढाण्याहून पायी निघावे, चिखली आणि मेहकर मागे टाकून लोणारचे सरोवर गाठावे, आणि वाटेत कोणाच्या घरी, धर्मशाळेत अथवा लॉजमध्ये न उतरता, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात त्या न्यायाने उघड्या रानात मुक्काम करीत जावे. या वाटेवरील बहुतेक प्रत्येक गावी आमचा एक तरी नातलग राहत असून, त्याच्या दारावरून न जेवता पुढे जाणे हा तीन पिढ्या पुरेल असा अपमान ठरतो, ही गोष्ट मी त्याच्या नजरेस आणून दिली, तेव्हा तो म्हणाला, "मामा, त्यालाच तर ॲडव्हेंचर म्हणतात." पुढल्या आठवड्यात पोस्टमनने आणि त्याच्या मागोमाग निरनिराळ्या कुरिअरवाल्यांनी माझ्या ओसरीवर पार्सले आणून टाकली. त्यात दोन हजारांच्या आतबाहेर किमतीचे तंबू होते, त्याहून स्वस्त अशा स्लीपिंग बॅगा होत्या, आणि सोबत भाच्याचा निरोप होता की, यातले जे टिकेल तेवढे ठेवून बाकीचे मुदतीत परत करायचे असल्याने मी ते आधी वापरून पाहावे.

एकट्याने असली जबाबदारी घेणे इष्ट नव्हते. सबब मी एक समिती नेमली. तीत महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून होते, ज्यांनी हयातीत कोणत्याही कागदावर 'पाहिले' एवढाच शेरा मारून तो कधी पुढे जाऊ दिला नाही. आणि शाळेचे एक माजी हेडमास्तर होते, ज्यांची उंची सहा फूट असून ज्यांचे चिखली रस्त्याला एक शेत होते. देहयष्टीच्या बाबतीत अव्वल कारकुनांनी हेडमास्तरांशी बरोबरी साधली होती, फक्त ती दुसऱ्या दिशेने.

तंबू ही वस्तू आमच्या जिल्ह्यास अपरिचित आहे असे मात्र कोणी समजू नये. अठराव्या शतकातील दख्खनच्या राजकारणाचा एक मोठा निकाल आमच्याच साखरखेर्ड्याच्या शिवारात लागला: 1724 च्या ऑक्टोबरात निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा तिथे पाडाव केला आणि त्या विजयातून हैदराबादचे राज्य उभे राहिले. मोगली छावणीचा थाट काय असे, तो अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त तपशीलवार लिहून ठेवला आहे. अकबराचा एका मुक्कामाचा सरंजाम वाहून न्यायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 हमाल लागत. तो उभारण्यासाठी इराण, तुराण व हिंदुस्थान येथील 1000 फर्राश तैनातीस असत. आणि असे दोन संच असल्याने बादशहा एका मुक्कामी निद्रिस्त असता दुसरा संच पेशखाना म्हणून पुढच्या मुक्कामी रवाना झालेला असे. त्या छावणीतील बारगाह नावाचा जो सर्वांत मोठा मंडप, त्यात दहा हजारांवर माणसे मावत, आणि तो उभा करण्यास हे हजार फर्राश यंत्रांच्या साह्याने आठवडाभर खपत. याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारचाही उल्लेख आला असून, काच आणि साबण यांना लागणारे द्रव्य तेथील डोंगरात मिळते असे नमूद आहे. म्हणजे तंबू आणि लोणार यांची गाठ चारशे वर्षांपूर्वी एकाच दफ्तरात पडलेली होती. भाच्याने ती फक्त हप्त्यांवर पुन्हा बांधली.

अव्वल कारकुनांनी हा मजकूर ऐकून ताबडतोब त्रैराशिक मांडले. दहा हजार माणसांच्या मंडपास हजार फर्राश, म्हणजे दर दहा माणसांमागे एक; त्या प्रमाणात दोन माणसांच्या तंबूस एक पंचमांश फर्राश पुरावयास हवा होता. आम्ही पूर्ण तिघे हजर असून आम्हांस अख्खी दुपार लागली. अव्वल कारकुनांचे आजोबा इंग्रजी अमदानीत साहेबाच्या हिवाळी दौऱ्याबरोबर हिंडलेले. साहेबाचा तंबू, त्याच्या कनाती, मागची मुदपाकखान्याची राहुटी आणि शेजारची कचेरीची राहुटी अशी सगळी वस्ती सकाळच्या न्याहारीच्या आत उभी राहत असे, असे ते सांगतात. मात्र उभी करणारे हात निराळे आणि न्याहारी करणारे तोंड निराळे, ही त्या कार्यक्षमतेची किल्ली त्यांच्या सांगण्यात नेहमी निसटते.

जागेविषयी मतभेद झाला. आमचा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दुभागलेला आहे. जुन्या कागदांत त्यांनाच बालाघाट आणि पाईनघाट म्हटलेले आढळते. घाटाखाली पूर्णेचे काळेभोर खोरे, खामगाव, शेगाव, मलकापूर आणि खारपाणपट्टा. घाटावर अजिंठ्याच्या रांगेतील बुलढाणा, चिखली, मेहकर आणि गोऱ्या साहेबांना मानवलेली थंड हवा. घाटाखालच्या काळ्या मातीत हिवाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मेख ठोकली की ती दिसेनाशी होते; घाटावर बोटभर मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली खडक लागतो, व मेख ठोकली की ती नमस्कार करते. स्वस्त तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मेखा पेन्सिलीपेक्षा जाड नसतात. भाच्याने फोनवरून ज्ञानगंगा अभयारण्याचे नाव सुचविले. तिथे मनास येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, वनखात्याची रीतसर परवानगी लागते, हे तर झालेच. शिवाय 2019 साली टिपेश्वरच्या जंगलातून निघून, गळ्यात रेडिओपट्टा बांधून, सुमारे 1300 किलोमीटरांची पायपीट करीत जो वाघ त्या अभयारण्यात येऊन पोहोचला, त्याने वाटेत ना तंबू वापरला ना बॅग. अशा अनुभवी पदयात्रिकापुढे आमचे हे प्रयोग मांडण्याचे धाडस समितीस झाले नाही. लोणारच्या विवराच्या काठाचेही तेच. उल्कापाताने पडलेला तो जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा हे अभयारण्य असून 2020 पासून रामसर यादीतही आहे, आणि तिथे मुक्काम ठोकून काठाच्या झुडपांत दोऱ्या बांधणे हे कोणत्याही कलमाखाली बसले नसते. शेवटी हेडमास्तरांचे शेत मुक्रर झाले. त्यात हरभरा होता, घाटे भरत आलेले होते, बांधालगत एक पडीक पट्टा होता आणि एक खोपी होती.

आता कागदोपत्री छाननी. तंबूच्या चिठ्ठीवर '3000 मिलिमीटर' असा आकडा होता. अव्वल कारकुनांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि जाहीर केले की, आपल्या जिल्ह्याचे पर्जन्यमान वर्षाकाठी सात-आठशे मिलिमीटरांच्या घरात असल्याने हा तंबू चार वर्षे अखंड पावसात ठेवला तरी हरकत नाही. वस्तुतः या आकड्याचा पर्जन्यमानाशी काडीइतका संबंध नाही. कापडाचा तुकडा यंत्रात घट्ट आवळून त्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवीत नेतात, आणि कापडाच्या पलीकडच्या अंगास तीन ठिकाणी पाणी झिरपले की तेवढ्या दाबाच्या पाण्याच्या स्तंभाची जी उंची तो त्या कापडाचा आकडा. पहिल्या आणि दुसऱ्या थेंबाला शास्त्राने माफी दिलेली आहे; तिसरा मात्र नापास करतो. या तीन थेंबांची गोष्ट अव्वल कारकुनांना इतकी पसंत पडली की त्यांनी ती वहीत तांबड्या शाईने लिहिली. खात्यातही तिसऱ्या स्मरणपत्रापर्यंत काही होत नसे, असे ते म्हणाले. माझ्या मते त्या आकड्यात याहून मोठी एक पळवाट आहे: परीक्षा होते ती कापडाची, शिवणीची नव्हे. सुईने पाडलेल्या शेकडो भोकांवर आतून पट्टी चिकटवली आहे की नाही, हे चिठ्ठी सांगत नाही, आणि स्वस्त तंबूत ती बहुधा छताच्या मध्यापर्यंत येऊन संपते.

स्लीपिंग बॅगेचे दफ्तर आणखी गहन. ही वस्तू पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर खपविणारा व्यापारी वेल्समधला प्राइस-जोन्स. त्याने 1876 साली घोंगडीला खिसा शिवून, त्यात हवेची उशी घालून तिचे पेटंट घेतले आणि ती रशियन सैन्यास हजारोंनी पुरविली. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, 1878 च्या फेब्रुवारीत, शेगावात गजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले ते ना अंथरुणासह ना पांघरुणासह. पण आमच्या लोकांनी बॅगेचे पेटंट सोडून त्यांचेच चरण धरले, यावरून जिल्ह्याचा कल तेव्हाच स्पष्ट झाला होता. या शतकाच्या आरंभी युरोपीय लोकांनी बॅगेच्या उबेचे मापन ठरवून टाकले. त्यासाठी एक पुतळा करतात, त्याला आतून तापवितात, ठिकठिकाणी उष्णतामापक लावतात, अंगात लांब बाह्यांचे आतले कपडे घालतात, खाली गादी देतात आणि बॅगेत निजवून थंड खोलीत ठेवतात. त्या पुतळ्याच्या मापनावरून तीन तापमाने काढतात. पहिले सुखाचे: त्यात एक प्रमाण स्त्री, वय 25, उंची 160 सेंटिमीटर, वजन 60 किलो, हातपाय सैल सोडून झोपू शकते. दुसरे मर्यादेचे: त्यात एक प्रमाण पुरुष, वय 25, उंची 173, वजन 73, पाय पोटाशी घेऊन झोपू शकतो. पाय पोटाशी घेणे या आमच्या घराण्यातील परंपरागत आसनाला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे, हे वाचून माझा ऊर भरून आला. तिसरे तापमान टोकाचे. त्यात ती प्रमाण स्त्री सहा तासांपर्यंत गारठून मरत नाही, बोटे गमावली तर गमावली. दुकानदार चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत छापतो ते बहुधा या तिसऱ्यातले, आणि ज्या बॅगा पुतळ्याच्या वाटेला गेलेल्याच नसतात त्यांच्यावर तर शिंप्याच्या मनास येईल ते.

हे सर्व मी वाचून दाखविल्यावर अव्वल कारकुनांनी एकच शंका विचारली: "पुतळ्याला रात्री उठावं लागतं काय?" पुढे जे घडले ते पाहता, युरोपातील तज्ज्ञांनी ही शंका वेळीच विचारात घ्यावयास हवी होती.

आता राहिला पाऊस, आणि महिना पौष. पावसाचे भाकीत हवे असेल तर आमच्या जिल्ह्यात त्याची परंपरागत सोय आहे: अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला घटमांडणी होते, शेतात धान्यांचे रिंगण मांडून मधोमध पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात, आणि पहाटे त्यांचा ओलावा पाहून वर्षाचा पाऊस सांगतात, तथापि पौषासाठी पाचवे ढेकूळ ठेवण्याचा प्रघात नाही. हेडमास्तर म्हणाले की, हरभऱ्यात स्प्रिंकलर मांडलेलेच आहेत, लाईन दिवसाची चालू आहे, तर सकाळी मोटार लावू आणि तंबूवर हवा तेवढा पाऊस पाडू. तो थांबविण्याची सोयही आपल्याच हातात राहील. इतका सुलभ पाऊस जिल्ह्याच्या इतिहासात कोणाला लाभला नसेल. एक नोझल तंबूच्या माऱ्यात येईल असे अंतर पावलांनी मोजून घेतले, आणि रात्रीचा मुक्काम कोरडा करावयाचा असे ठरले.

शेताच्या जागलीला एक म्हातारा होता. हिवाळ्यात रोही आणि रानडुकरे हरभऱ्यावर उतरतात, म्हणून आमच्याकडे निम्मा जिल्हा रात्री शेतावरच निजलेला असतो. मुक्काम, कँप, ॲडव्हेंचर असले काही त्याला कोणी म्हणत नाही, जागलीला गेले एवढेच म्हणतात. म्हाताऱ्याजवळ एक घोंगडी, एक काठी, एक बॅटरी आणि डुकरांना हाकारण्यासाठी तेलाचा रिकामा डबा होता. तो बराच वेळ तंबूभोवती फिरला, आत डोकावला, कापड चिमटीत धरून पाहिले आणि म्हणाला, "गुर्जी, येच्यात किती जन निजनार?"

"दोन," हेडमास्तर म्हणाले.

म्हाताऱ्याने अव्वल कारकुनांकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा तंबूकडे. "एकावर एक काय जी?"

त्या तंबूत अव्वल कारकून आणि मी असे दोघे होतो. शेजारच्या तंबूत हेडमास्तर एकटे, कारण त्यांना तो कर्णावर वापरावा लागत होता, आणि तरीही त्यांचे अंगठे उतरत्या भिंतीस टेकत होते. आमच्या तंबूत पहिल्या अर्ध्या तासातच एक तह झाला: कूस बदलावयाची तर दोघांनी एकाच वेळी आणि एकाच दिशेस बदलावी, व त्याची पूर्वसूचना द्यावी. बॅगेचे कापड नायलॉनी असल्याने बोट हलविले तरी सळसळ होई, आणि प्रत्येक सळसळीवर अव्वल कारकून "सूचना?" असे विचारीत. अंगावरून ऊब होती यात संशय नाही. खालून मात्र जमीन आपला हक्क वसूल करीत होती. पाठीखाली चेंगरलेल्या कृत्रिम कापसात हवाच उरत नाही, आणि ऊब धरून ठेवते ती हवा, कापूस नव्हे. पुतळ्याला गादी दिली होती. आम्हांस भाच्याने दिली नव्हती.

साधारण अकराच्या सुमारास अव्वल कारकुनांच्या टकलावर पाण्याचा थेंब पडला. त्यांनी बॅटरी लावली. छताच्या आतल्या बाजूने दवाचे बारीक मणी दाटलेले होते. त्यांनी वहीत 'पाऊस नसता गळती' अशी नोंद घेतली. हे बाहेरचे पाणी नसून आपल्या दोघांच्या उच्छ्वासातील वाफ आहे, एकपदरी कापडाला आतून रबरासारखा लेप असल्याने ती बाहेर जाऊ शकत नाही आणि थंड छताला लागून तिचे पाणी होते, असे मी त्यांस समजावून सांगितले. ते काही वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुमचा श्वास माझ्या डोक्यावर पडतो आहे." वीस वर्षांच्या स्नेहात त्यांनी इतक्या थंड आवाजात माझ्याशी बोलण्याचा तो पहिला प्रसंग.

शेतीच्या लाईनचा एक आठवडा दिवसाचा तर एक रात्रीचा असतो, हे जिल्ह्यातील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु तो आठवडा नेमका कोणत्या क्षणी पालटतो याचा विचार घरी झोपणाऱ्या मनुष्यास करावा लागत नाही. तो पालटला बरोबर त्या रात्री बारा वाजता. विहिरीवरच्या स्टार्टरला ऑटो लावलेला होता. दूरवर मोटार गुरगुरली, पाइपातून हवा सुसाटत गेली, आणि अंधारात एकामागून एक नोझले टकटक करीत फिरू लागली. नोझलाची धार फिरत फिरत येई, तंबूवर मूठभर खडे फेकावे तसा तडतडाट करी, आणि पुढे जाई. मधल्या शांततेत अव्वल कारकून छतावर बॅटरी रोखून बसले होते. पट्टी जिथे संपत होती त्या शिवणीवर पाण्याची एक रेघ उमटली, तिचा मणी झाला, लांबला आणि सुटला. "एक," ते म्हणाले. धार पुन्हा फिरून आली. "दोन." माझ्या बॅगेवर पडला तो मी मोजू दिला नाही, कारण तो श्वासाचा असावा असा माझा दावा होता, त्यावर थोडा वाद झाला. त्यानंतरचा जो पडला तो थेट वहीवर, तांबड्या शाईने लिहिलेल्या नियमावर पडला. "तीन. नापास," असे म्हणून त्यांनी बॅटरी विझविली आणि बाहेर निघण्याचा निर्णय जाहीर केला.

निर्णय योग्य होता, अंमलबजावणीत अडचण आली. स्वस्त बॅगेच्या साखळीला लागून वारा अडविण्यासाठी कापडाची एक झालर शिवलेली असते, आणि साखळीचे मुख्य भक्ष्य ती झालरच असते. अव्वल कारकुनांची साखळी छातीपर्यंत येऊन झालर दातांत धरून बसली. वर जाईना, खाली येईना. मी ओढली तर म्हणत, "फाडू नका, परत करायची आहे." शेवटी ते बॅगेसकट तंबूच्या दाराशी आले आणि बॅगेसकट उभे राहिले. एव्हाना हेडमास्तर भिजलेले पाय झाडीत बाहेर आले होते. आयुष्यभर शाळेच्या क्रीडामहोत्सवात पोत्यांच्या शर्यतीचे पंच म्हणून काम केलेले असल्याने त्यांनी परिस्थिती तत्काळ ओळखली आणि "दोन्ही पाय एकदम! बांधाकडं बघा, खाली नको!" असा हुकूम सोडला. तुषारांच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या अवकाशात अव्वल कारकुनांनी पडीक पट्टा पार केला. म्हातारा खोपीच्या तोंडाशी उभा होता. त्याने कॉक बंद करण्यापूर्वी हे सर्व शेवटपर्यंत पाहून घेतले, असा मला दाट संशय आहे.

खोपीत शेकोटी होती. म्हाताऱ्याने साखळीवर मेणबत्तीचा तुकडा घासून ती एका झटक्यात मोकळी केली. खोपीच्या जमिनीवर सोयाबीनचे कुटार वीतभर अंथरलेले होते, त्यावर रिकामी पोती, त्यावर घोंगडी. "थंडी वरून नाई येत साहेब," तो म्हणाला, "खालून येते. वरून कायले येवढं घेता?" पुतळ्याला खाली गादी का देतात याचे याहून नेमके विवेचन मला त्या सगळ्या तांत्रिक वाङ्मयात आढळले नव्हते. त्याने दोन टोपल्या कुटार आणून आमच्या तंबूखाली पसरले, बुडाचे कापड पुसले, आणि आम्ही उरलेली रात्र इतकी गाढ झोपलो की सकाळी डुकरांनी हरभऱ्याचा एक वाफा नेल्याचे म्हाताऱ्यासकट कोणालाच कळले नाही.

समितीचा अहवाल अव्वल कारकुनांनी स्वहस्ते लिहून भाच्याकडे रवाना केला. त्यातील पहिले कलम असे: 'सदर तंबू दोन इसमांकरिता असल्याचा दाखला पिशवीवर असला तरी, समक्ष पाहणी करता तो एक इसम व त्याच्या चष्म्याचे घर एवढ्यास पुरेसा आहे. पाऊस नसता आतून व पाऊस असता शिवणीतून गळतो. सबब गळतीच्या बाबतीत पक्षपात करीत नाही.' दुसरे कलम: 'स्लीपिंग बॅग गरम आहे. तीत जाणे शक्य आहे.' तिसऱ्या कलमात प्रति मुक्काम दोन टोपल्या कुटाराची तरतूद सुचविलेली होती.

भाचा आला, निघाला, आणि चिखलीस आत्याकडे अडकला. तेथून सुटला तो मेहकरास मावशीने पकडला. तिच्या अंगणात त्याने हट्टाने तंबू उभारला. पण रात्री त्यात तिची आणि शेजारची मिळून पाच पोरे जाऊन झोपली, त्यांतल्या एकाचीही तक्रार आली नाही, आणि भाच्यास माजघरात गादीवर निजावे लागले. पिशवीवरील दोन माणसांचे वय चिठ्ठीवर छापण्याची मागणी कारखानदाराकडे करावी, असे अव्वल कारकुनांचे मत आहे, आणि त्यांचा मसुदा तयार आहे.

बॅगा परत करण्याची मुदत टळून गेली. त्यांतील एक मी म्हाताऱ्यास देऊ केली. त्याने ती उलगडली, आत हात घालून पाहिला, आणि ज्या लहानशा दोरीच्या पिशवीत ती कोंबलेली येते ती पिशवी उचलून म्हणाला, "हे तेवढी द्या. बेन्याचा लसून ठेवाले बेस हाय." त्याने पिशवी नेली. बॅग पुन्हा दाबून बसविण्यास आता काही उरले नसल्याने ती फुगून आमच्या दिवाणखान्यातील चांगल्या खुर्चीवर बसलेली आहे, आणि पाहुणे आले की सौभाग्यवती त्यांना दुसऱ्या खुर्चीकडे बोट दाखविते.